नाकाएवढ्या फरकाने

जिंकणारा प्रशिक्षक 'बोअर' करतो म्हणून त्याला घालवावं का? माझ्या भाच्याचं म्हणणं, हो. "आत्या, युव्हेंटसची मॅच बघताना झोप येते गं!" आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वाद इतका रंगला की शेवटी वहिनीने दोघांना गप्प बसवलं. तिथे अर्धवट राहिलेलं इथे पूर्ण करते.

तर मासिमिलियानो अलेग्री. २०१४ च्या जुलैमध्ये कोन्ते तडकाफडकी गेला आणि हा आला, तेव्हा चाहत्यांनी अंडी फेकून स्वागत केलं. पुढच्या पाच वर्षांत त्याने पाच लीग विजेतेपदं आणि चार इटालियन कप दिले, शिवाय २०१५ आणि २०१७ अशा दोन चॅम्पियन्स लीग फायनल. दोन्ही हरला, मान्य. एकदा बार्सिलोनाकडून, एकदा रिआल माद्रिदकडून. त्या काळात या दोघांकडून कोण हरलं नाही ते सांगा!

अलेग्री लिव्होर्नोचा, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन. जो घोडा नाकाएवढ्या फरकाने पुढे असतो तोही जिंकलेलाच असतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. इटालियनमध्ये त्याला 'कोर्तो मूझो' म्हणतात, आणि पुढे तीच त्याची शिवी झाली.

पण व्यवहारी म्हणजे भित्रा, हे समीकरण मला अजिबात मान्य नाही. २०१७ च्या जानेवारीत फिओरेंटिनाकडून हरल्यावर पठ्ठ्याने काय केलं? बचाव आणखी घट्ट केला? नाही. पुढच्याच लाझिओविरुद्धच्या सामन्यात हिग्वाइन, दिबाला, क्वाद्रादो आणि मांझुकिच हे चौघे एकदम उतरवले. त्यातही मांझुकिच, म्हणजे सेंटर फॉरवर्ड, चक्क डाव्या विंगेवर! त्या रचनेने युव्हेंटस फायनलपर्यंत गेली, वाटेत बार्सिलोनाला ३-० हाणून. त्याच्या आदल्या वर्षीचंही बघा. पहिल्या १० सामन्यांत १२ गुण, सगळे म्हणाले संपला. उरलेल्या २८ सामन्यांत ७९ गुण. यात झोप कुठे आली ते भाच्याने सांगावं.

आता २०१९. लीग पाच सामने राखून जिंकलेली, नापोलीपेक्षा ११ गुण पुढे. मात्र युरोपात अयाक्सच्या पोरांनी तुरिनमध्ये येऊन २-१ हरवलं, आणि ते फार सुंदर खेळले. इथे भाच्याचा मुद्दा खरा आहे, संघ वयस्कर झाला होता, मिडफील्ड दमलेलं होतं. पण मग मिडफील्ड बदला ना! क्लबने प्रशिक्षक बदलला. नापोलीत देखणं फुटबॉल खेळवणारा सार्री आणला आणि त्याच्या हाती बहुतेक तीच माणसं दिली. आमटी तीच, वाटी नवी.

परिणाम आकड्यांत बघा. अलेग्रीच्या शेवटच्या हंगामात लीगमध्ये ७० गोल केले, ३० खाल्ले. सार्रीच्या हंगामात ७६ केले आणि ४३ खाल्ले. सहा जास्तीच्या गोलांचं सौंदर्य, त्यासाठी तेरा गोलांची किंमत! लीग जिंकली, पण एका गुणाने. म्हणजे सौंदर्याचा पुजारीसुद्धा नाकाएवढ्याच फरकाने. ऑगस्ट २०२० मध्ये ल्याँने युरोपातून बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी सार्रीही गेला. मग वरिष्ठ संघाचा एकही सामना न सांभाळलेला पिर्लो. नऊ वर्षांची सलग विजेतेपदं तिथे थांबली, आणि २०२५ पर्यंतच्या पाच हंगामांत लीग पुन्हा घरी आली नाही. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही!

"पण तोच अलेग्री २०२१ मध्ये परत आला, तेव्हा काय दिवे लावले?" हा भाच्याचा हुकमी एक्का. नाही लावले. पहिल्या वर्षी एकही करंडक नाही, दुसऱ्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या गटात सहापैकी पाच सामने हरले. हा अलेग्री खरोखरच रटाळ होता, आणि तेव्हा त्याला काढायला माझी हरकत नव्हती. कारण तो जिंकत नव्हता! क्लबने त्याला काढलं मात्र मे २०२४ मध्ये, इटालियन कप जिंकल्यावर दोन दिवसांनी, फायनलमधल्या थयथयाटासाठी. मग पुन्हा आधुनिक, देखणा वगैरे म्हणून थियागो मोत्ता आणला. मार्च २०२५ मध्ये, घरच्या मैदानावर अटलांटाकडून ०-४ आणि मग फिओरेंटिनाकडून ०-३ खाल्ल्यावर, तोही गेला.

रात्री सव्वाबाराला सुरू होणारी मॅच बघून सकाळी डबे भरणारी बाई आहे मी. माझ्या झोपेच्या बदल्यात मला तीन गुण हवेत. ज्याला नक्षीकाम हवंय त्याने खुशाल हायलाइट्स बघावेत.

आणि हो, २०२५ च्या उन्हाळ्यात मिलानने अलेग्रीला परत बोलावून घेतलं. भाच्या, कळव.