‘झक्कास’च्या पुढे काय?

“झक्कास!” “एक नंबर!” “वॉलपेपरच लाव गं!”

गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या गच्चीवरून मी सूर्यास्ताचा एक फोटो काढला. पारसिकच्या डोंगराआड जाणारा सूर्य, वर केशरी ढग. मेसमध्ये माझा फोन हातोहात फिरला आणि वरच्या शब्दांचा पाऊस पडला. मी जाम खूश! दुसऱ्या दिवशी पुन्हा तस्साच फोटो काढला. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभराने बघते तर काय, चाळीस सूर्यास्त जमलेले, आणि कुठला कुठल्या दिवशीचा हे मलाच सांगता येईना. कौतुक चाळीस वेळा झालं, पण चाळिसावा फोटो पहिल्यापेक्षा तसूभरही बरा नव्हता.

आता याची दुसरी बाजू. फर्स्ट इयरच्या एका मुलीने मला कल्याण-शीळ रोडचा फोटो दाखवला. मी पटकन म्हणाले, “ई, किती वायरी! डिलीट कर.” सगळ्या हसल्या. तीही हसली. पण त्यानंतर तिने मला एकही फोटो दाखवला नाही. खूप दिवसांनी कळलं की तिला वायरीच दाखवायच्या होत्या! गावाकडचं आभाळ आणि इथलं आभाळ यात फरक काय, हे तिला आईला सांगायचं होतं. मी विचारलंच नव्हतं. शिकवायच्या नादात मी तिचा फोटो बघायलाच विसरले.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे की ‘झक्कास’ आणि ‘डिलीट कर’ ही एकाच आळसाची दोन तोंडं आहेत. दोन्ही बोलायला फोटोकडे नीट बघावं लागत नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे माझ्याकडे तर ‘नाइस’ आणि ‘ऑसम’च्या पलीकडे शब्दच नव्हते. पण अडचण शब्दांची नसून बघण्याची होती, हे उशिरा कळलं.

ते कळलं वर्कशॉपमध्ये. फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब आठवतो ना? हाताला फोड येईपर्यंत कानस घासायची आणि जॉब घेऊन सरांकडे जायचं. सर ‘छान’ही म्हणत नाहीत आणि ‘फेकून दे’ही म्हणत नाहीत. ते जॉबला ट्राय स्क्वेअर लावतात, खिडकीसमोर धरतात आणि दाखवतात, “हे बघ, इथून उजेड येतोय.” बस्स! कुठे घासायचं ते आपल्याला समजतं. चांगला अभिप्राय म्हणजे हाच ट्राय स्क्वेअर. उजेड कुठून येतोय तेवढं दाखवायचं, कानस ज्याची त्याने चालवायची.

त्याच सरांना मी माझा लाडका सूर्यास्त दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि दोनच प्रश्न विचारले. “यात शीळफाटा कुठाय?” आणि “तू हा काढत होतीस तेव्हा तुझ्या पाठीमागे काय होतं?”

पाठीमागे? मी कधी वळूनच बघितलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी सूर्याकडे पाठ करून उभी राहिले. पूर्वेला मलंगगड होता. सकाळी त्याच्यामागे सूर्य असतो, त्यामुळे तो नुसता काळा दिसतो. संध्याकाळी मात्र मावळतीचं ऊन थेट त्याच्या अंगावर पडतं आणि कडा न् कडा मोजता येते. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा तर विचारूच नका.

पहिला फोटो फसलाच. जास्तीत जास्त मावावं म्हणून मी फोनची वाइड लेन्स लावली आणि एवढा मोठा गड मुरमासारखा दिसायला लागला! सर म्हणाले, “तुला गड दाखवायचाय की आकाश?” मग झूम केला. गड जवळ आला आणि त्याच्यापुढचे डोंबिवलीकडचे टॉवरही. क्षितिज कललं होतं, म्हणून ग्रिड चालू केली. आकाश पांढरं फटक येत होतं, म्हणून उजळ भागावर बोट ठेवून एक्सपोजर कमी केलं. पाच संध्याकाळी गेल्या, पण प्रत्येक वेळी काय बदलायचं ते माहीत होतं.

काही जण म्हणतील, “कला ज्याची त्याची, त्यात चूक-बरोबर कसलं?” मान्य. वायरी आवडणं-न आवडणं ही आवड झाली. पण शांत खाडीचं पाणी फोटोत एका बाजूला सांडायला लागलं, तर ती आवड नव्हे, तो तिरका धरलेला फोन! आणि स्वतःचं काम पुन्हा तपासण्यात कमीपणा कसला? अमेरिकेचे अँसेल अ‍ॅडम्स म्हणजे निसर्गचित्रणातले दादा माणूस. १९४१ साली न्यू मेक्सिकोत त्यांनी चंद्रोदयाचा एक फोटो घेतला. त्या एकाच निगेटिव्हच्या प्रिंट ते पुढे कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा काढत राहिले. आधीच्या प्रिंटमधलं आकाश करडं, नंतरच्यातलं जवळजवळ काळं.

आपल्याकडे तरी ही गोष्ट नवी कुठे आहे? १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. फोटोग्राफी तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती! पुढे १९३७ साली मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. हौशी माणसाला एकट्याने शिकायला वेळ लागतो, चारचौघांत बसलं की लवकर उमजतं.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ मेसच्या भिंतीवर सहा प्रिंट लावूया. नावं लिहायची नाहीत. आधी बघणाऱ्यांनी फक्त सांगायचं, नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि कुठे अडकली. फोटो काढणाऱ्याने तोवर गप्प बसायचं (हे सगळ्यात अवघड!). मग त्याने सांगायचं, मला काय दाखवायचं होतं. त्यानंतर प्रत्येकाने एकच सूचना करायची, तीही उद्या करून बघता येईल अशी. आठवड्याने त्याच जागेवरून काढलेला नवा फोटो जुन्याशेजारी लावायचा. मेसचे काका, वॉचमन काका, लॅबमधले सर, मॅडम, सगळ्यांनी यावं. ट्राय स्क्वेअर कुणाच्या खिशात असेल, सांगता येत नाही.

आणि हे लवकर करायला हवं. बांद्रा-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, आपल्या शीळफाट्यालाच उजेडात येणार आहे. टॉवर तर रोजच वाढतायत. आज गच्चीवरून दिसणारा मलंगगड पुढच्या बॅचला दिसेलच असं नाही. त्यांच्या हाती आपण चाळीस केशरी सूर्यास्त द्यायचे, की खरा शीळफाटा, वायरींसकट?

त्या फर्स्ट इयरच्या मुलीची मी माफी मागितली आहे. पहिली प्रिंट तिच्या वायरींची लावायची, असं आमचं ठरलंय. या वेळी मी आधी विचारणार आहे, मगच बोलणार आहे.