रिकाम्या हातांचे दुखणे

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खणात हल्ली औषधांच्या नमुन्यांशेजारी कानस, पॉलिशपेपर आणि विमानाचा एक लाकडी पंख असतो. दुपारी रुग्ण नसले की मी तो घासत बसतो. ‘डॉक्टरांनी उतारवयात पोरखेळ मांडलाय’ असे हुपरीत बोलले जाते. बोलोत बापडे. पण या पोरखेळाने मला एक निदान शिकवले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

विमान आहे मिग-२१. ते १९६३ साली आपल्या हवाई दलात आले, १९७१ च्या युद्धात लढले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. यातील कितीतरी विमाने नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार झाली. निरोपाची बातमी वाचली आणि शाळकरी वयातील हौस उफाळून आली. तयार भागांचे संच बाजारात मिळतात. मला मात्र सारे मुळापासून घडवायचे होते. प्रमाण ठरवले २४ पटींनी लहान. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ७.१५ मीटर, माझ्या विमानाचा सुमारे ३० सेंटिमीटर. धड हलक्या लाकडातून कोरले, त्रिकोणी पंख जमले. गाडे अडले ते नाकाशी. मिगचे नाक पुढून उघडे असते, मधोमध शंकू आणि त्याच्या भोवतालच्या फटीतून हवा इंजिनात जाते. त्या तोंडाची कड अगदी पातळ हवी. लाकडात ३ वेळा केली, तिन्ही वेळा फुटली.

त्याच सुमारास एक वृद्ध चांदी कारागीर माझ्याकडे येत होते. पन्नास वर्षे पैंजण आणि वाळे घडवलेले हात. मोतीबिंदूमुळे काम सुटले. पुढे शस्त्रक्रिया होऊन स्वच्छ दिसू लागले, तरी मुलांनी ‘आता आराम करा’ म्हणत ऐरण माळ्यावर टाकली. तेव्हापासून झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड. ईसीजी, रक्त, थायरॉईड सारे निर्दोष. मी झोपेची गोळी दिली आणि महिन्याने वाढवली. ‘दिवसभर काय करता?’ हा साधा प्रश्न ४ भेटींत मी एकदाही विचारला नाही. ही चूक माझी.

पाचव्या भेटीत त्यांची नजर टेबलावरील फुटक्या नाकावर गेली. ‘डॉक्टर, हे वाळं कुणाच्या बाळाचं म्हणायचं?’ मी हकीकत सांगितली. त्यांनी ते बोटांत फिरवले. ‘लाकडात न्हाई व्हायचं हे. तांब्याचा पत्रा द्या.’ चौथ्या दिवशी ते स्वतः कडे घेऊन आले. कड ब्लेडसारखी पातळ, गोलाई चोख. माळ्यावरची ऐरण खाली आली होती. नाडी बघायला मी हात पुढे केला, तर म्हणाले, ‘आधी शंकू बसतोय का ते बघा.’

इथे कोणी चमत्काराचा गैरसमज करून घेऊ नये. उदासीनता हा खरा आजार आहे आणि त्याला औषध लागते. त्यांनाही मी ते सुरू केले, झोपेची गोळी हळूहळू कमी केली. अशी औषधे रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नयेत. पण नुसत्या गोळ्यांनी जे हलत नव्हते, ते हातांना काम मिळाल्यावर हलले, हेही मी डोळ्यांनी पाहिले.

आपल्याकडे प्रेमापोटी वडीलधाऱ्यांच्या हातातील काम काढून घेतात आणि त्याला आराम म्हणतात. माझ्या मते ही आरामाची चुकीची व्याख्या आहे. ओझे कमी करा, वेळ कमी करा, पण हत्यार माळ्यावर टाकू नका.

मात्र हौस असो वा धंदा, पथ्य पाळावे. उजेड भरपूर हवा, चाळिशीचा चष्मा योग्य नंबरचा हवा. दर अर्ध्या तासाने उठून लांबवर पाहावे. घासताना नाकातोंडावर मास्क, रंग आणि थिनर वापरताना खिडकी उघडी. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणपाण्यात धरावीत. तो डोळ्यात गेला तर न चोळता पाण्याने धुवून थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. आणि चांदीला डाग देणाऱ्यांनो, कॅडमियम असलेल्या डागाचा धूर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे खातो. तो वापरू नका.

माझ्या विमानाची चाके अजून व्हायची आहेत. ती लाकडाची करावीत की पत्र्याची, यावर आमचे एकमत झालेले नाही. दर गुरुवारी दुपारी ते येतात, वाद घालतात आणि जाताना रक्तदाब तपासून घेतात. तुमच्या घरातील वृद्धाला आज एवढेच विचारा, ‘दिवसभर काय करता?’