फिटनेसच्या फॉर्मवर मनाचा रकाना कुठाय?

"काही गोळ्या चालू आहेत का?"

ओपीडीबाहेरच्या बाकावर, आठ-दहा जणांसमोर, वहिनीला हे विचारलं गेलं. गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. वहिनी म्हणाली, "फक्त बीपीची." पर्समध्ये डिप्रेशनच्या गोळ्यांची स्ट्रिप होती. पण शेजारी सासू, म्हणजे आमची आई, बसलेली. कोण बोलेल?

कळलं तर ऑपरेशन करणार नाहीत, या भीतीने तिने चार दिवस आधी त्या गोळ्या स्वतःच बंद केल्या होत्या. ऑपरेशन झालं. नंतर घाम, चक्कर, रात्रभर तळमळ, दुखणं थांबेना. नर्सबाईंचं निदान तयार होतं: "नाटकं करतात हो."

हॉस्पिटलचं नाव घेत नाही. नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

मग ओळखीच्या एका भूलतज्ज्ञांना गाठलं. (इतकी वर्षं बातम्या केल्या, भुलीबद्दल ओ की ठो माहीत नव्हतं.) ते म्हणाले, भुलीचा डोस वजन, वय बघून ठरतो हे खरं, पण पेशंट फार घाबरलेला, खचलेला असेल तर औषध जास्त लागू शकतं. नंतर दुखणंही जास्त. आणि गोळ्यांचं तर वेगळंच. ऑपरेशननंतर सर्रास दिलं जाणारं ट्रामाडॉल डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत गेलं तर झटके येऊ शकतात. काही जुन्या गोळ्यांवर पेथिडीन दिलं तर जिवावरच बेतू शकतं. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या का? तेही नाही. बहुतेक गोळ्या चालूच ठेवतात, पण ते भूलतज्ज्ञाने ठरवायचं. त्यासाठी त्याला कळायला तर हवं!

डॉक्टर मंडळी म्हणतात, पेशंट लपवतात. अहो साहेब, तुम्ही विचारता कसं ते बघा. फॉर्मवर तंबाखू आहे, दमा आहे, कवळीसुद्धा आहे. झोप, उदासी, मनाच्या गोळ्या नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय आणि तुम्ही बाकावर चौकशी करता. वेळ नाही म्हणू नका. नातेवाइकांना बाहेर काढून दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. बिलाबद्दल बोलायला बरोबर केबिनमध्ये बोलावता की.

तुमच्याकडे अशा फॉर्मचा फोटो असेल तर पेशंटचं नाव झाकून इनबॉक्सला पाठवा. गठ्ठा घेऊन सिव्हिल सर्जनना भेटणार आहे.