गिरणीचा भोंगा आणि शाळेची घंटा

आमच्या परंडा भागातील वडीलधारी माणसे ‘तो सोलापूरला गेला’ असे म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नसे. गावकीची कामे सुटली, हाती रोख पगार पडू लागला, चारचौघांत मान वर करून चालता येऊ लागले, एवढे सारे त्या बोलण्यात असे. आज सोनारीत कोणी सोलापूरला गेला असे कळले, तर तो बहुधा दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या कामाला गेलेला असतो. पोटासाठी जायचे ते पुण्याला, चाकणला, रांजणगावला. एका शहराच्या नावाचा अर्थ दोन पिढ्यांत असा का बदलला आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार आपल्या शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला लोक ‘जुनी गिरणी’ म्हणत, १८७७ मध्ये सुरू झाली. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या महादुष्काळाचा काळ. म्हणजे गिरणी आणि दुष्काळ यांची गाठ पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलुगू पद्मशाली विणकर, मराठी आणि कन्नड मुलखांतील भूमिहीन, मुसलमान कारागीर असे सारे एका भोंग्यावर उठू लागले. या कामगारांच्या शहराने १९३० मध्ये इंग्रजांचा लष्करी कायदा सोसला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. हा इतिहास आम्ही वर्गात अभिमानाने शिकवितो.

परंतु इतिहासाच्या शिक्षकाने अर्धी गोष्ट सांगून थांबू नये. भोंग्याच्या आठवणीने हळहळणारे पुष्कळ आहेत. त्या भोंग्याने सर्वांना सारख्या दारातून आत घेतले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. सूत तुटले की ते तोंडाने ओढून धोट्यातून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा हाती धरण्यास सवर्ण कामगार तयार नव्हता. अधिक मजुरीचे खाते त्यामुळे आपल्या माणसांना बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. खुद्द सोलापुरात, गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले होते. हजेरी देऊन त्यांनी गिरणीत राबायचे आणि पुन्हा कुंपणात परतायचे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की, निर्धनाला जगण्याचे साधन मिळाले नाही की दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा वाढते. सरकारने मात्र साधन देण्याऐवजी माणसांभोवती तार बांधली.

असे असूनही आपली माणसे शहराकडे का गेली? कारण गाव त्याहून कठोर होते. आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतन हा मान नव्हे, ती पिढीजात वेठ आहे, हे बाबासाहेब समाजाला वर्षानुवर्षे सांगत होते. गावातल्या भाकरीच्या तुकड्याला गावाची अट होती. गिरणीच्या पगाराला निदान महिन्याची तारीख होती.

बाबासाहेब मात्र केवळ पगारावर विसंबले नाहीत. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने वसतिगृह उघडले, ते याच सोलापुरात. गिरण्या भरभराटीत होत्या, हात लावाल तिथे मजुरी होती, अशा काळात त्यांनी आपल्या मुलांसाठी राहण्याची, जेवणाची, कपड्यांची, वह्यापुस्तकांची सोय केली. बापाच्या पाठोपाठ पोराने गिरणीत जावे, हा सोपा मार्ग होता. त्या वसतिगृहाने तो मोडला. आपल्या निवासी शाळेची कुळकथा आम्ही तेथून सुरू झाली असे मानतो.

गिरणीच्या भरवशाचे काय झाले, तेही पाहू. १९४९ मध्ये जुनी गिरणी चालकांनी बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले, तेव्हा जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. नवे संविधान अमलात येताच एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने सरकारची बाजू ग्राह्य धरली. डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात मात्र मालमत्तेच्या हक्काच्या बाजूने निकाल लागला. अशा निकालांमुळेच १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती करावी लागली. भागधारकाच्या मालमत्तेला मूलभूत हक्काचे कवच होते. कामगाराच्या कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत, अनुच्छेद ४१ मध्ये होता, त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात का मांडले होते, हे या एका गिरणीच्या कथेवरून विद्यार्थ्यांना चटकन समजते.

आम्ही महाविद्यालयीन शिक्षणासाठी सोलापुरात राहिलो, तो गिरण्यांचा अखेरचा काळ होता. पहाटेच्या भोंग्यावर आम्ही अभ्यासाला उठत असू. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली. त्यानंतर कधी त्या भागात गेलो, तर कालपर्यंत साच्यावर उभी राहणारी माणसे हातगाडीवर केळी विकताना, रिक्षा चालविताना, कोणी नुसतीच फाटकासमोर बसलेली दिसत. घरे चालविली ती बायकांनी. सुपात पाने आणि तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या त्या मायमाऊल्यांच्या बोटांवर हजारो कुटुंबे तगली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु ती विणणाऱ्या यंत्रमाग कामगाराला आजही महिनाअखेरीची धास्ती असते.

तरीही हे शहर हरले असे आम्हांस वाटत नाही. कुंभारीच्या माळावर विडी कामगार महिलांनी सहकारी संस्था केली, वर्षानुवर्षे मोर्चे काढले, बचतीचे पैसे भरले. २००६ मध्ये गोदुताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत त्यांच्या ताब्यात आली. पुढे त्याच धर्तीवर रे नगर उभे राहिले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तेथील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या विडी, यंत्रमाग, कचरावेचक अशा असंघटित कामगारांना मिळाल्या. मालकाची गिरणी मालकाबरोबर गेली. कामगारांनी स्वतः संघटित होऊन उभे केलेले छप्पर राहिले. आमच्या मते सोलापूरचा खरा धडा हाच आहे.

आता आपल्या दाराकडे पाहू. दसरा-दिवाळी सरली की आपल्या भागातून कोयते निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हातारी माणसे मागे राहत नाहीत, मग आठवी-नववीतली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला फडावर जाते. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिताना आमचा हात जड होतो. मुलगा बारावी झाला की ठेकेदारामार्फत कारखान्यात लागतो. नेमणूकपत्र नाही, भविष्य निर्वाह निधीचा पत्ता नाही, काम संपले की परत गावी. जुन्या गिरणी कामगाराला निदान आपला मालक कोण हे ठाऊक होते.

यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे, तो कबूल केला पाहिजे. ‘शिका’ हा शब्द आम्ही फळ्यावर रोज लिहिला, ‘संघटित व्हा’ हा जयंतीच्या भाषणापुरता ठेवला. शिक्षण म्हणजे सरकारी नोकरी, एवढेच मुलांच्या मनावर बिंबविले. त्या नोकऱ्या आटल्या, तेव्हा आमच्यापाशी दुसरे उत्तर नव्हते. १९४६ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायदादुरुस्ती पुढे नेली, हे आपल्या किती माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? बारा तासांची पाळी मुकाट करणाऱ्या मुलाला हे ठाऊक असते, तर निदान जादा कामाची मजुरी मागण्याचे बळ त्याला आले असते.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पालकांनी हंगामाला जाताना मुलांना, विशेषतः मुलींना, वसतिगृहातच ठेवावे. भावंडांचीही सोय करणे हे शाळेचे आणि समाजाचे काम आहे. शाळेने नववीपासून संविधानाच्या तासाला कामगार कायद्याची जोड द्यावी आणि हाताला एक तरी कसब शिकवावे. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे, परिपाठात म्हणण्यापुरता शब्द नव्हे. आणि पुण्यात, सोलापुरात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी देणगीची पावती घेऊन थांबू नये. नव्याने शहरात उतरणाऱ्या मुलाला चार महिने आसरा, योग्य सल्ला आणि नेमणूकपत्र मागण्याचे धैर्य त्यांनी द्यावे.

गिरणीचा भोंगा दुसऱ्याच्या हातात होता. त्याने वाजविला तेव्हा आपण उठलो, त्याने थांबविला तेव्हा आपण उघड्यावर पडलो. शाळेची घंटा आपल्या हातात आहे. ती वाजती ठेवणे, आणि दिवाळीनंतरही तिच्या आवाजासरशी वर्गात येणाऱ्या मुलींची संख्या कमी होऊ न देणे, एवढे आपण केले तरी सोलापूरच्या त्या १९२५ च्या वसतिगृहाचे ऋण थोडे फिटेल.

जयभीम! नमो बुद्धाय!