रिचार्ज महागले, नंबर मात्र मरू देऊ नका

रात्री बाराची लाईट आणि विहीर गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, अशी ज्याची गत आहे त्या शेतकऱ्याने मोटारीच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवला तर त्यात नवल नाही. अंधारात, बिबट्याच्या भीतीने बांध तुडवत जाण्यापेक्षा अंथरुणातून एक कॉल लावला की मोटार चालू. पण त्या पेटीतही एक सिमकार्ड असते आणि त्यालाही रिचार्ज लागते. म्हणजे एक खिशातले, एक पेटीतले, एक घरच्या बाईमाणसाचे आणि एक कॉलेजात जाणाऱ्या पोराचे. खताच्या गोणीचा आणि मजुरीचा हिशेब वहीत लिहिणारा आपला शेतकरी हा खर्च मात्र कुठेच लिहीत नाही.

तो एकदा लिहून पाहावा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचे २८ दिवसांचे १७९ रुपयांचे पॅक १९९ झाले, जिओचे १५५ चे १८९ झाले. “वीस रुपयानं काय होतंय?” असे पारावर कोणी म्हणेल. पण खरी मेख २८ या आकड्यात आहे. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा! १९९ रुपयांप्रमाणे तेरा वेळचे २,५८७ रुपये होतात. खिशातले आणि पेटीतले मिळून ५,१७४. या २८ दिवसांच्या महिन्यावर ओरड झाली तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना हुकूम केला की ३० दिवसांचे किमान एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारे किमान एक पॅक ठेवलेच पाहिजे. तालुक्याच्या दुकानदाराने ते आपणहून दाखवल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. मागावे लागते.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही. १९९५ साली देशात मोबाईल आला तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत, आणि एका मिनिटाच्या दरात तेव्हा घरचा भाजीपाला येत असे. आजचे दर त्या मानाने फार खाली आहेत, आणि टॉवर, लहरींचा लिलाव, ५जी यांना पैसा लागतो हेही मान्य. पण बटणाचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्याने आणि विहिरीवरच्या पेटीने ५जीचा खर्च का उचलायचा, याचे उत्तर कंपन्यांनी दिलेले नाही.

दरवाढीनंतर लोक चिडले आणि सिम बदलायला निघाले. ट्रायच्या आकड्यांनुसार एकट्या जुलै २०२४ मध्ये बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. एअरटेलचे जवळपास १७ लाख, व्होडाफोन आयडियाचे १४ लाख आणि जिओचे साडेसात लाख घटले. पण वर्ष संपता संपता हा ओघ आटला. गल्लीबोळात रेंज असलेले सिम सोडले, नवे सिम घरात वाजते पण शेतात वाजत नाही, असे बऱ्याच जणांचे झाले. रागाच्या भरात बैल विकावा आणि पेरणीला पुन्हा दावं घेऊन बाजारात उभं राहावं, तशातली गत. त्यातही अडचण अशी की एकदा कंपनी बदलली की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. एक हंगामच जातो म्हणा ना.

म्हणून आमचे म्हणणे असे की कंपनी जरूर बदला, तो तुमचा हक्क आहे, पण आधी रेंज तपासा. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले, साडेसत्त्याण्णव हजारांवर टॉवर असल्याचे सांगण्यात आले. त्यातला एखादा आपल्या शिवाराला पोचतो का, हे जाहिरात सांगणार नाही. पाहुण्याचे, शेजाऱ्याचे त्या कंपनीचे सिम दोन दिवस मागून घ्या, विहिरीवर, गोठ्यात आणि घराच्या मधल्या खोलीत लावून बघा. स्टार्टरच्या पेटीसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या पेट्या २जीवर चालतात आणि जिओचे जाळे ४जीपासूनच सुरू होते. तेव्हा त्या पेटीत हे सिम घालून उपयोग नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी चूक वेगळीच आहे, आणि ती गावोगाव होत आहे. दर वाढले की माणूस म्हणतो, “जाऊ द्या, हे सिम फेकून देऊ, नवं घेऊ.” नवे सिम स्वस्तात मिळते, नंबर मात्र बदलतो. आता हा नंबर म्हणजे नुसता बोलण्याचा नंबर राहिलेला नाही. आधारला तो जोडलेला, बँकेच्या खात्याला तो, शेतकरी ओळख क्रमांक काढताना ओटीपी त्यावर, पीएम किसानची ई-केवायसी त्यावर, ई-पीक पाहणीची नोंदणीही मोबाईल नंबरानेच. सातबाऱ्याइतकाच जपावा असा हा दहा आकडी दाखला झाला आहे. तो सरकारने केला आणि त्याचे भाडे मात्र कंपनी ठरवते. पीएम किसानला अंगठ्याने किंवा चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय आहे, तशीच सोय शासनाने प्रत्येक योजनेला ठेवली पाहिजे. ज्याच्याकडे रिचार्जला पैसे नाहीत त्याचे अनुदान अडावे, हे बरोबर नाही.

रिचार्ज संपवून सिम कपाटात ठेवणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. ९० दिवस काहीच वापर नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असेल, तर कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगण्यात आले. याचा सरळ अर्थ, त्यानंतर देतात. मग तुमच्या खात्याचे मेसेज कुठल्या तरी परक्या माणसाच्या फोनवर जाऊ लागतात आणि आधारवरचा नंबर बदलायला तुम्ही केंद्रावर रांगेत.

नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. ज्या सिमचा नंबर आहे त्यावरूनच इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग एक जागा मोकळी आणि मग आपला दहा आकडी नंबर, एवढा मेसेज १९०० वर पाठवायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत काम होते; मुंबई मात्र वेगळे मंडळ धरतात, तिथला नंबर इकडे आणायचा तर पाच दिवस. जुन्या सिममधली उरलेली शिल्लक आणि दिवस बुडतात, तेव्हा पॅक संपायला चार-पाच दिवस राहिले की निघावे. काल रिचार्ज मारून आज पोर्ट करणाऱ्याचे नुकसान ठरलेले. आणि दुकानदार “कोड मी काढतो, फोन द्या इकडं” म्हणाला तरी फोन हातातून सोडू नये.

कंपनी न बदलताही खर्च कमी होऊ शकतो. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि मेसेजचे पॅक ठेवा, असा नियम ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केला. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी पॅक काढले खरे, पण काढताना जुनी थोड्या नेटची पॅक गुंडाळून जवळपास त्याच किमतीत नेटाविना विकायला ठेवली! ओरड झाल्यावर काही रुपये उतरले. त्या महिन्यात एअरटेलचा ८४ दिवसांचा असा पॅक ४६९ रुपयांवर आणि वर्षाचा १,८४९ वर आला, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ वर. वरच्या २,५८७ शी ताडून पाहिले तर एका सिममागे वर्षाला ७३८ रुपये वाचतात. पेटीतल्या सिमला याहून जास्त काही लागत नाही. दर पुढे-मागे होतात, घेताना विचारून घ्यावेत.

तलाठी, ग्रामसेवक (पदांची नावे २०२४ मध्ये बदलली, पण गाव अजून याच नावाने हाक मारते) आणि ग्रामपंचायतींसाठीही थोडे. ज्यांचे फोन महिन्याच्या बिलावर आहेत त्यांना आधी थकबाकी भरावी लागेल, नाहीतर पोर्टची विनंती फेटाळली जाते. फोन कार्यालयाच्या नावावर असेल तर अधिकृत सहीचे पत्र लागते. बिल बँकेतून आपोआप कापले जात असेल तर कनेक्शन बंद झाल्यावर बँकेलाही तसे कळवा. आणि येत्या ग्रामसभेत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आधारला जोडलेले नंबर अजून चालू आहेत का, एवढे विचारून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे.

बंद करा म्हणूनही बिल येत राहिले किंवा पोर्ट विनाकारण अडवले, तर कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि वहीत लिहून ठेवावा. उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते, त्याला पैसे पडत नाहीत. तक्रार क्रमांक नसेल तर मात्र पुढे कोणी ऐकत नाही.