लहानग्यांचा नाताळ आणि उधारीची मोटार

कंपूतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या आमच्या शेतकरी कुटुंबांचा नाताळ मोठ्या अडचणीच्या दिवसांत येतो. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला एक-दोन पाणी झालेले असते, मोहरी फुलावर असते, आणि घरातला पैसा शेतात गुंतलेला असतो. मोहरीचे पैसे हाती यायला फाल्गुन उजाडतो, गव्हाचे यायला त्याहून उशीर. नेमक्या याच वेळी तीन-चार वर्षांच्या पोरासाठी बॅटरीवर चालणारी मोटार उधारीने घरात येते. नवे वर्ष लागेपर्यंत तिचे एक चाक निखळलेले असते. मोटार कोनाड्यात जाते आणि तिचे पैसे दुकानदाराच्या वहीत राहतात.

"शेजारच्या पोराकडे आहे, आमच्याच पोराने तोंडाकडे बघत का बसावे?" असे आयाबहिणी विचारतात. हे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण एवढ्या लहान पोराला किंमत कळत नाही, खोके आणि खेळणे त्याला सारखेच आवडते. तुलना करतो ते आपण मोठी माणसे, आणि तिचा खर्चही आपल्याच माथी बसतो.

खेळणे घ्यायचेच तर आधी ते पोराच्या तोंडात जाणार हे धरून चालावे. तीन वर्षांखालच्या मुलाला गोट्या, मणी, सुटे होणारे डोळे असलेली बाहुली देऊ नये. फुटलेल्या फुग्याचा तुकडा आणि अख्खा शेंगदाणाही घशात अडकतो. सर्वांत वाईट ती बटणासारखी चपटी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. पोराने गिळल्याची शंका आली तरी उलटी करवू नये, सकाळची वाट पाहू नये, तडक इस्पितळ गाठावे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे. आमच्या मते आपल्याच मध्य प्रदेशातल्या बुधनीचे, दुधीच्या लाकडाचे लाखेने रंगवलेले एखादे खेळणे दहा मोटारींना भारी आहे. ते पडले तरी मोडत नाही, धाकट्या भावंडालाही पुरते.

मोबाइल ही तर भेटच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि एक वर्षाखालच्यांना मुळीच नको.

आता ज्याला पैसे पडत नाहीत त्याकडे वळू. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो गावी गव्हाण मांडली, तीत खरे गवत होते, खरा बैल आणि गाढव होते. आपल्या शेतकऱ्याकडे तर गोठाच आहे! याच संताची इच्छा होती की नाताळच्या दिवशी गाईबैलांना नेहमीपेक्षा जास्त चारा मिळावा आणि रस्त्यावर पाखरांसाठी दाणे टाकावेत. हे काम घरातल्या सर्वांत लहान पोराला द्यावे. मात्र जनावराला एकदम पायलीभर धान्य घालू नये, पोटात आंबून ते आजारी पडते. पोराच्या ओंजळीत मावेल तेवढेच पुरे, बाकी हिरवा चारा. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बियाणे पाखरांना कधीही टाकू नये, आणि ते पोराच्या हातीही देऊ नये.

दुसरी रीत गव्हाच्या ताटलीची. फ्रान्सच्या दक्षिणेत 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, बशीत गहू भिजवून ठेवतात. गोव्या-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांतही गव्हाणीजवळ गवत दिसावे म्हणून धान्य उगवतात. आपल्याकडच्या थंडीत कोंब हळू येतो, म्हणून उशीर करू नये. घरातले खायचे गहू घ्यावेत आणि पाणी पोरानेच रोज शिंपडावे. नाताळापर्यंत चार बोटे हिरवळ दिसली की त्याला ती स्वतःची वाटते. दुसऱ्या वर्षी डिसेंबर लागताच ताटली कुठे आहे, हे तोच विचारील. बाजारातल्या भेटीची अशी वाट कोण पाहतो?

आणि फराळाचे ताट. महादजी शिंद्यांच्या फौजेत दि बॉयनने उभारलेल्या कवायती पलटणींना मराठीत कंपू म्हणत. आपल्या वस्तीच्या नावात ती छावणीच आहे. छावणीत नाना मुलखांतली माणसे शेजारी राहिली, तशीच आजही राहतात. दिवाळीत ज्यांच्या घरून आपल्याकडे करंज्या-चिवडा आला, त्यांच्याकडे नाताळात आपल्या घरचे ताट गेलेच पाहिजे. गजक असेल तर गजक, नाहीतर नुसते गुळाचे लाडू. ताट पोराच्या हाती द्यावे, आजीने मागून चालावे, आणि सांडणार नाही इतकेच भरावे.