गल्लाभरू चित्रपटांचे मोल

चित्रपट ही कला की धंदा, हा वाद आपल्याकडे इतका जुना झाला आहे की, त्यातील दोन्ही पक्षांचे युक्तिवाद आता कोणालाही तोंडपाठ म्हणून दाखविता येतील. फिल्म सोसायटीचा सभासद असलेला सुशिक्षित प्रेक्षक सत्यजित राय, बर्गमन, कुरोसावा ही नावे आदराने उच्चारतो आणि घोडे, बंदुका वा खून असलेला चित्रपट ‘देमार’ या एका शब्दात निकालात काढतो. तो असे चित्रपट पाहत नाही असे नाही. पाहतो, परंतु पाहिल्याचे कबूल करताना ओशाळतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या ओशाळेपणात एक ओळखीची चूक दिसते. वस्तू कशासाठी निर्माण झाली आणि तिचे मोल काय, हे दोन भिन्न प्रश्न आपण एकच समजून बसलो आहोत. ही चूक उघड करण्यास इटालियन वेस्टर्नपटांहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

या चित्रपटांचा जन्म निखळ व्यापारी गरजेतून झाला. १९५८ च्या ‘हर्क्युलिस’च्या यशानंतर इटलीत पिळदार देहाच्या पौराणिक नायकांच्या चित्रपटांची लाट आली आणि १९६४ च्या सुमारास ती ओसरली. रोमचे स्टुडिओ, तंत्रज्ञ, घोडेस्वार, हाणामारीची दृश्ये करणारे कसबी लोक, असे सारे भांडवल त्यामुळे रिकामे पडू लागले. दुसरीकडे १९६२ पासून पश्चिम जर्मनीत निघालेल्या वेस्टर्नपटांनी हे दाखवून दिले होते की, अमेरिकेच्या रानटी पश्चिमेची कथा युरोपात घडविली, तरी युरोपचा प्रेक्षक तिकीट काढतो. दोन-तीन देशांतील निर्मात्यांनी भागीदारीत चित्रपट काढल्यास तो त्या प्रत्येक देशाचा मानला जाई आणि तेथील सवलतींना पात्र ठरे. दक्षिण स्पेनमधील आल्मेरियाच्या उजाड माळरानावर मजुरी स्वस्त होती. रिकामे भांडवल, स्वस्त श्रम, सरकारी सवलत आणि तयार बाजारपेठ यांचा असा मेळ बसल्यावर माल निघणारच होता.

तो माल निघाला १९६४ मध्ये, ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ या नावाने. इटली, स्पेन व पश्चिम जर्मनी यांच्या भागीदारीतील या चित्रपटाचा खर्च सुमारे दोन लाख डॉलर होता. नायकाच्या भूमिकेसाठी अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील क्लिंट ईस्टवुड हा नट १५ हजार डॉलरांत मिळाला. दिग्दर्शक सेर्जिओ लेओने याने प्रेक्षकाला चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून ‘बॉब रॉबर्टसन’ हे नाव घेतले. त्याचे वडीलही मूकपटांच्या काळातील दिग्दर्शक असून ते ‘रोबेर्तो रोबेर्ती’ या नावाने चित्रपट करीत; त्यांचा मुलगा म्हणून रॉबर्टसन! कथानक तर सरळ कुरोसावाच्या १९६१ च्या ‘योजिम्बो’वरून उचललेले होते. प्रकरण कायद्यापर्यंत गेले आणि उत्पन्नातील १५ टक्के वाटा जपानी पक्षाला द्यावा लागला. टोपणनाव, उसनी कथा आणि तुटपुंजे भांडवल, अशी ही जन्मकथा असल्यामुळे समीक्षकांनी ‘स्पॅघेटी वेस्टर्न’ असे हेटाळणीचे नाव ठेवले, याचे नवल वाटावयास नको.

परंतु ज्या तुटवड्याची हेटाळणी झाली, त्यातूनच या चित्रपटांची शैली घडली. उदाहरणार्थ, टेक्निस्कोप हे तंत्र घ्या. नेहमीच्या पद्धतीत फिल्मच्या चार छिद्रांएवढी लांबी एका चित्राला लागे. टेक्निस्कोपमध्ये दोन छिद्रांत काम भागे. कच्च्या फिल्मची निम्मी बचत होई आणि रुंद पडद्यासाठी लागणाऱ्या खास भिंगाऐवजी साधी भिंगे वापरता येत. या साध्या भिंगांनी माणसाच्या अगदी जवळ जाता येई, तसेच दूरचा डोंगरही स्पष्ट दिसे. विशाल माळरान आणि त्यानंतर लगेच पडदाभर पसरलेले दोन डोळे, ही लेओनेची ओळख या काटकसरीशी जोडलेली आहे. अनेक भाषा बोलणाऱ्या नटांमुळे संवाद व ध्वनी नंतर स्टुडिओत भरले जात. म्हणून शांतता किती ठेवावी आणि पवनचक्कीची कुरकुर केव्हा ऐकू यावी, हे संगीताच्या काटेकोरपणाने ठरविता आले. मोठ्या वाद्यवृंदाऐवजी एन्नियो मोरिकोने याने शीळ, चाबकाचा फटका, घंटा आणि मोरचंगासारखे वाद्य वापरले. पुढे १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’साठी संगीत आधी तयार झाले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून नटांच्या हालचाली त्या लयीत बसविण्यात आल्या.

तुटवडा आपोआप कला निर्माण करतो, असे मात्र येथे सुचवावयाचे नाही. लेओनेच्या यशानंतर सुमारे पंधरा वर्षांत असे चारशेच्या वर चित्रपट निघाले आणि त्यांतील बहुसंख्य आज पाहवत नाहीत. तुटवडा सर्वांनाच होता; त्याचा उपयोग करून घेण्याची दृष्टी थोड्यांपाशी होती. परंतु ते थोडे कोण, हे सर्वांना एकाच टोपलीत टाकणाऱ्याला कधीच कळत नाही.

सेर्जिओ कोर्बुची याचा १९६८ चा ‘द ग्रेट सायलेन्स’ पाहावा. वाळवंटाऐवजी बर्फ, मुका नायक आणि कायद्याचा आधार घेऊन इनामासाठी माणसे मारणारे लोक. अखेरीस न्यायाचा विजय होईल, हे प्रेक्षकाला दिलेले अलिखित आश्वासन हा चित्रपट मोडतो. दामियानो दामियानी याच्या, मेक्सिकन क्रांतीवरील ‘अ बुलेट फॉर द जनरल’ या चित्रपटाच्या लेखनात फ्रांको सोलिनास होता. ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ या १९६६ च्या मान्यवर चित्रपटाचा लेखकही तोच. एकाच लेखणीतून उतरलेल्या दोन कृतींपैकी एक चर्चासत्रात जाते आणि दुसरी ‘देमार’ ठरते. हा भेद कृतीतला की आपल्या नजरेतला?

रहस्यपटांची गोष्ट याहून निराळी नाही. इटलीत मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून गुन्हेकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या. त्यावरून ‘जाल्लो’, म्हणजे पिवळा, हेच रहस्यकथेचे नाव झाले. मारिओ बावा हा मूळचा छायालेखक. १९६४ च्या ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’मध्ये रंगीत प्रकाशाच्या पट्ट्यांनी त्याने साध्या दालनाला भयाचे रूप दिले. दारिओ अर्जेंतो हा आधी वृत्तपत्रात चित्रपट-समीक्षा लिहीत असे. १९७० च्या त्याच्या पहिल्या चित्रपटात दोन काचांच्या मध्ये अडकलेला नायक समोरच्या कलादालनातील हल्ला पाहतो. त्याने सर्व काही पाहिले आहे, पण जे पाहिले त्याचा अर्थ त्याला लागत नाही. आम्हां सुशिक्षित प्रेक्षकांची स्थिती याहून वेगळी आहे काय?

आक्षेप घेणारे म्हणतील, या चित्रपटांतील हिंसा आणि स्त्रियांचे चित्रण यांचे काय? आक्षेप रास्त आहे. जाल्लोमध्ये स्त्री बहुधा बळी असते आणि वेस्टर्नमध्ये ती बहुधा असतच नाही. रसग्रहण म्हणजे माफी नव्हे. परंतु दोष दाखविण्यासाठीही कृती आधी नीट पाहावी लागते. न पाहता केलेला निषेध आणि न पाहता केलेली स्तुती यांची किंमत सारखीच.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा असता, तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु समाज ज्याला तुच्छ मानतो, ते तो जपून ठेवीत नाही. आपल्या ‘शोले’वर लेओनेची छाया स्पष्ट आहे. कुटुंबाच्या हत्याकांडानंतर लहान मुलासमोर बंदूक घेऊन उभा राहणारा खलनायक १९६८ मध्ये हेन्री फोंडाने रंगविला होता आणि १९७५ मध्ये अमजद खानने. आरंभीच्या अनेक परीक्षणांनी ‘शोले’ची थंड संभावना केली, प्रेक्षकांनी तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालविला. अशा चित्रपटाचीही मूळ निगेटिव्ह अतिशय खराब झाली होती. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या प्रयत्नांतून त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि जून २०२५ मध्ये तो, मूळ शेवटासह, प्रथम दाखविला गेला तो इटलीतील बोलोन्या येथे! एका देशाच्या गल्लाभरू चित्रपटांकडून घेतलेले ऋण पन्नास वर्षांनी त्याच देशात असे फिटले. ‘आलम आरा’चे भाग्य मात्र तेवढे नव्हते, १९३१ च्या त्या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

स्पेनमधील बुर्गोसजवळ ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या शेवटच्या दृश्यासाठी १९६६ मध्ये स्पॅनिश सैनिकांकडून हजारो खोट्या थडग्यांचे एक वर्तुळाकार कब्रस्तान उभारून घेण्यात आले होते. चित्रीकरण संपल्यावर ते तसेच सोडून देण्यात आले आणि त्यावर गवत व माती चढली. २०१५ पासून काही हौशी माणसांनी कुदळ-फावडी घेऊन ते पुन्हा मोकळे केले. कोणी कधीही न पुरलेल्या त्या थडग्यांसाठी त्यांनी घाम गाळला, कारण तेथे आपले काहीतरी आहे असे त्यांना वाटले.

आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म सोसायट्यांची परंपरा आहे, महाविद्यालयांत तरुण प्रेक्षक आहे. वर्षाच्या कार्यक्रमात दोन-तीन तरी ‘गल्लाभरू’ चित्रपट, परके आणि आपलेही, चर्चेसह दाखवावेत, एवढीच मागणी आहे. त्यांतील टाकाऊ ते अवश्य टाकावे. परंतु पाहून टाकावे. गल्ला भरला की निर्मात्याचा हिशेब मिटतो. चित्रपटाचे मोल ठरविण्याचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते प्रेक्षकाचे आहे.